युरियाची बॅग, हायड्रोजन आणि धुऱ्यावरची केमिस्ट्री

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना जे आकडे पटकन निघून जातात, ते इथे निवांत वाचता येतील.)

वाशिम, कारंजा, रिसोड, मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव (आपलं मालेगाव, नाशिकवालं नाही)... जिथून ऐकताय तिथून इअरफोन नीट लावा. आज थोडा हिशेब आहे आणि थोडी केमिस्ट्री आहे. दोन्ही जमण्यासारखं आहे, घाबरू नका.

प्रश्न असा आहे. घरात युरियाची एक बॅग पडलीय. ४५ किलोची. तिच्यासाठी किती हायड्रोजन लागला असेल?

"हायड्रोजन? तो तर रॉकेटमध्ये असतो, भाऊ!" असं कुणीतरी म्हणणार, मला माहीत आहे. पण जगात जो हायड्रोजन तयार होतो, त्याचा फार मोठा वाटा खतासाठीच जातो. हिशेब करून बघू. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ४५ किलोच्या बॅगेत २० किलो ७०० ग्रॅम. हा नायट्रोजन अमोनियातून येतो, त्यासाठी साधारण २५ किलो अमोनिया लागतो. आणि २५ किलो अमोनियात हायड्रोजन असतो सुमारे ४ किलो ४०० ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

आता आपल्या जिल्ह्याचं मुख्य पीक सोयाबीन. त्याला युरियाची फारशी गरज नसते, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधून घेतात. हरभरा, तूर यांचंही तसंच. पण कपाशी आहे, गहू आहे, तिथे युरिया लागतोच. म्हणून आजचा विषय लांबच्या प्रयोगशाळेतला वाटला तरी त्याचं एक टोक आपल्या शेतात आहे.

हायड्रोजन येतो कुठून?

बॅगेवर 'उज्ज्वला' लिहिलेलं असेल तर ती आरसीएफची, म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सची. त्यांचे कारखाने दोन ठिकाणी आहेत. एक मुंबईत ट्रॉम्बेला, दुसरा अलिबागजवळ थळला. दोन्हीकडे कच्चा माल नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन.

गॅसवर चालणाऱ्या अमोनिया कारखान्यात काय होतं? मिथेन आणि पाण्याची वाफ एकत्र करून ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या नळ्यांतून सोडतात. नळ्यांत निकेलचा कॅटालिस्ट भरलेला असतो. कॅटालिस्ट म्हणजे शाळेतला 'उत्प्रेरक': स्वतः न संपता रासायनिक क्रिया जोरात करून देणारा. या पहिल्या पायरीत हायड्रोजन मिळतो, पण सोबत कार्बन मोनॉक्साइड येतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलं की जो वायू जीव घेतो, तोच हा.

हा वायू पुढे चालत नाही. अमोनिया बनवणाऱ्या लोखंडाच्या कॅटालिस्टला तो विषासारखा बाधतो. मग त्याचं करायचं काय? सोडून द्यायचा? नाही. त्यालाच कामाला लावायचं. कार्बन मोनॉक्साइडवर आणखी वाफ सोडायची. तो वाफेतला ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. वाफेतला हायड्रोजन मोकळा होतो. या क्रियेचं नाव वॉटर-गॅस शिफ्ट. आपण नुसतं 'शिफ्ट' म्हणू.

बघा, एका दगडात तीन पक्षी. एक, विषारी वायू कमी झाला. दोन, जास्तीचा हायड्रोजन मिळाला. सोपा हिशेब धरला तर मिथेनच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे चार रेणू मिळतात आणि त्यातला एक शिफ्टमधून येतो. म्हणजे आपल्या बॅगेतल्या ४ किलो ४०० ग्रॅमपैकी साधारण एक किलो. आणि तीन, जो कार्बन डायऑक्साइड तयार झाला तो युरिया बनवायला लागतोच, कारण युरिया म्हणजे अमोनिया अधिक कार्बन डायऑक्साइड.

मग अडचण कुठे आहे?

अडचण तापमानात आहे. शिफ्ट क्रियेत उष्णता बाहेर पडते. अशा क्रियेचा स्वभाव असतो की जितकं जास्त तापवाल, तितकी ती उलटीही फिरते. म्हणजे हायड्रोजन पूर्ण हवा असेल तर थंड ठेवायला हवं. पण थंड ठेवलं की क्रिया इतकी मंद होते की कारखाना चालणारच नाही.

इथे एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण परीक्षेतही इथेच चुकतं. कॅटालिस्ट शेवटचा तोल बदलत नाही. जास्तीत जास्त किती हायड्रोजन मिळू शकतो, ते तापमान आणि वायूंचं प्रमाण ठरवतं. कॅटालिस्ट फक्त तिथे लवकर पोहोचवतो. पण तो कमी तापमानातही लवकर पोहोचवत असेल, तर आपल्याला थंड ठेवूनही काम करता येतं. चांगल्या कॅटालिस्टची किंमत ती.

म्हणून कारखान्यात शिफ्ट दोन टप्प्यांत करतात. पहिला टप्पा ३५० ते ४५० अंशांवर, लोखंड आणि क्रोमियमच्या ऑक्साइडवर. तिथून बाहेर पडताना साधारण ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड उरतो. दुसरा टप्पा २०० ते २५० अंशांवर, तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांच्या मिश्रणावर. तिथे तो पाव टक्क्याच्या आसपास येतो. हा तांब्याचा कॅटालिस्ट १९६० च्या दशकापासून कारखान्यांत वापरात आहे.

आता मुद्दा असा. काम करायला तांबं आहे, तर झिंक ऑक्साइड कशाला? जुनं उत्तर होतं: आधाराला. बोर्डावर खिळा ठोकतो तसा धातू ऑक्साइडवर बसवायचा, म्हणजे त्याचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. वर झिंक ऑक्साइड गंधक शोषून घेतो आणि तांब्याला वाचवतो. हे खरंच आहे. पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समजायला आपल्याला धुऱ्यावर जावं लागेल.

धुरा

पुण्या-साताऱ्याकडचे श्रोते, तुम्ही ज्याला बांध म्हणता त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. दोन वावरांच्या मधली हद्द. गावातली निम्मी भांडणं धुऱ्यावर होतात, हे वेगळं सांगायला नको. पण धातू आणि ऑक्साइडच्या मधल्या धुऱ्यावर, ज्याला संशोधक 'इंटरफेस' म्हणतात, तिथे भांडण नाही, सौदा होतो.

शिफ्टसाठी दोन कामं लागतात. एक, कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवणं. दोन, पाण्याचा रेणू फोडणं. सोन्यासारखा धातू पहिलं काम थोडंफार करतो, पण पाणी त्याला फुटत नाही. ऑक्साइडचं उलट. सेरियम ऑक्साइड किंवा टायटॅनियम ऑक्साइडच्या पृष्ठभागावर कुठे कुठे ऑक्सिजनच्या अणूची जागा रिकामी असते, खड्डा असतो म्हणा. पाण्याचा रेणू त्या खड्ड्यात येतो आणि फुटतो. पण कार्बन मोनॉक्साइडला नीट धरणं ऑक्साइडला जमत नाही.

म्हणजे एका वावरात बैलजोडी आहे, दुसऱ्या वावरात तिफण. पेरणी करायची तर दोघांना एकत्र यावं लागेल. आणि रेणूंना लांबून हाक मारता येत नाही. शेजारीशेजारी असतील तरच काम होतं. म्हणून काम होतं ते धुऱ्यावर.

सेरियम ऑक्साइडची आणखी एक खुबी आहे. तो ऑक्सिजन उसना देतो आणि परत घेतो. धुऱ्यावर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडला आपला ऑक्सिजन देतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि पडलेला खड्डा पाण्यातल्या ऑक्सिजनने भरून काढतो. मागे उरतो हायड्रोजन. क्रिया नेमकी याच वाटेने जाते, की मधे दुसरा एखादा रेणू तयार होऊन जाते, यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण पाणी ऑक्साइडच्या बाजूने आणि कार्बन मोनॉक्साइड धातूच्या बाजूने, इतकं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे.

पुरावा काय?

उपमा काय, कुठलीही देता येते. पुरावा लागतो. मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त आवडतात ते हे तीन प्रयोग.

पहिला, अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातला, २००३ सालचा. मारिया फ्लायत्झानी-स्टेफानोपुलोस या मूळच्या ग्रीसच्या शास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने सेरियम ऑक्साइडवर सोन्याचे बारीक कण बसवून शिफ्टचा कॅटालिस्ट केला. चांगला चालला. मग त्यांनी काय केलं? तो सायनाइडच्या द्रावणाने धुतला. खाणीत दगडातून सोनं काढायला जे वापरतात, तेच. बहुतेक सगळं सोनं वाहून गेलं. आता कॅटालिस्ट थंडावायला हवा ना? नाही थंडावला! वेग तेवढाच राहिला. म्हणजे जे सोन्याचे कण डोळ्यात भरत होते ते नुसते बसून होते. काम करत होते ऑक्साइडला घट्ट चिकटून राहिलेले थोडेसे अणू, जे सायनाइडलाही निघाले नाहीत.

दुसरा प्रयोग २००७ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतला. होजे रॉड्रिगेझ आणि सहकाऱ्यांनी सगळं उलटं केलं. नेहमी ऑक्साइड खाली आणि धातू वर असतो. यांनी खाली सोन्याचा स्वच्छ, सपाट पृष्ठभाग घेतला. नुसत्या सोन्यावर शिफ्ट क्रिया होत नाही. मग त्यावर टायटॅनियम किंवा सेरियम ऑक्साइडचे बारीक ठिपके बसवले, साधारण २० ते ३० टक्के जागा झाकेल इतके. आणि तेच मठ्ठ सोनं चांगल्या तांब्याच्या पृष्ठभागाच्या बरोबरीने काम करायला लागलं. बघा, कोण वर आणि कोण खाली याने फरक पडला नाही. धुरा तयार झाला, याने पडला.

तिसरा २०१३ चा, पेनसिल्व्हेनिया आणि इटलीतल्या ट्रिएस्टे विद्यापीठांच्या लोकांनी केलेला. यात शिफ्ट नव्हती, तिची चुलत बहीण होती: कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनने जाळणं. पण पद्धत भारी आहे. त्यांनी धुरा चक्क मोजला. कसा, ते शेतावरूनच समजून घेऊ.

१०० मीटर बाय १०० मीटरचं एक वावर, म्हणजे एक हेक्टर. त्याचा धुरा ४०० मीटर. आता त्याचे १० बाय १० मीटरचे १०० तुकडे करा आणि प्रत्येकाला स्वतःचा स्वतंत्र धुरा द्या. एकाचा ४० मीटर, शंभरांचे मिळून ४,००० मीटर. जमीन तेवढीच, धुरा दहापट.

कण तर गोळीसारखे असतात, तिथे फरक अजून वाढतो. १० नॅनोमीटरचा एक कण घ्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). तेवढ्याच धातूत २ नॅनोमीटरचे १२५ कण होतात. एकूण पृष्ठभाग वाढतो ५ पट. पण ऑक्साइडला टेकलेली कड, म्हणजे धुरा, वाढतो २५ पट. आता प्रयोग करा. लहान कणांवर वेग ५ पट वाढला तर काम पृष्ठभागावर होतं. २५ पटीच्या बाजूला गेला तर काम धुऱ्यावर होतं. त्यांनी निकेल, पॅलॅडियम आणि प्लॅटिनमचे वेगवेगळ्या पण अगदी ठरावीक मापाचे कण बनवले, सेरियम ऑक्साइडवर बसवले, आणि वेग धुऱ्यावरच्या अणूंच्या संख्येबरोबर वाढताना दिसला.

आपल्याकडे, पुण्यात

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, एनसीएल. १९५० पासूनची. कॅटालिस्टवरचं देशातलं मोठं काम तिथे चालतं. तिथले शास्त्रज्ञ चिन्नाकोंडा गोपीनाथ यांच्या गटाने २०१७ मध्ये 'कृत्रिम पाना'सारखी एक पातळ फिल्म प्रसिद्ध केली. तिच्यात टायटॅनियम ऑक्साइड, सोन्याचे नॅनोकण आणि क्वांटम डॉट नावाचे प्रकाश शोषणारे कण होते. ऊन पडलं की पाण्याच्या द्रावणातून हायड्रोजन सुटतो. इथेही धुराच महत्त्वाचा. प्रकाशामुळे सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा मागे पडायच्या आत पलीकडे गेला पाहिजे, आणि तो जातो दोन पदार्थांच्या हद्दीवरून.

एनसीएल आणि केपीआयटी यांनी मिळून केलेली हायड्रोजनवर चालणारी बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात दाखवली गेली. तिच्या फ्युएल सेलमध्येही प्लॅटिनम असतं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अगदी थोडा अंशही त्याला बाधतो. मिथेनपासून हायड्रोजन करून असल्या गाडीत भरायचा तर तो आधी फार स्वच्छ करावा लागेल. त्यातली एक पायरी पुन्हा शिफ्ट.

ग्रीन हायड्रोजनचा हिशेब

"पण आता तर सगळे ग्रीन हायड्रोजन म्हणतायत." बरोबर. केंद्राचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं. तरतूद १९,७४४ कोटी, लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी स्वतःचं धोरण आणलं. यात मिथेन नाही. सोलर किंवा पवनचक्कीची वीज घ्यायची आणि पाणी फोडायचं.

आता आपला आकडा काढा. एक किलो हायड्रोजनसाठी आजच्या यंत्रांत ५० ते ५५ युनिट वीज लागते. ४ किलो ४०० ग्रॅमला किती? २२० ते २४० युनिट. एका युरियाच्या बॅगेमागे! युनिटला पाच रुपये धरले तर नुसत्या विजेचे अकराशे-बाराशे. आणि दुकानात बॅग मिळते २६६ रुपये ५० पैशांना, कारण बाकीचं सरकार सबसिडीत भरतं. हायड्रोजन महाग राहिला तर फरक कुणाला तरी भरावा लागणार, शेतकऱ्याला नाहीतर सरकारला. म्हणून ही केमिस्ट्री फक्त पेपर छापण्यापुरती नाही.

कॅटालिस्ट यात किती मदत करेल? निसर्गाचा हिशेब सांगतो की एक किलोला सुमारे ३९ युनिट ऊर्जा लागणारच. त्याखाली कुठलाही कॅटालिस्ट नेऊ शकत नाही. पण ३९ आणि ५५ च्या मधला जो भाग वाया जातो, त्यातला बराच वाचवता येतो. तिथे पुन्हा आपला धुरा येतो. अल्कलाइन, म्हणजे क्षारयुक्त पाण्यात प्लॅटिनमसुद्धा ढेपाळतं, कारण पाण्याचा रेणू फोडणं त्याला जड जातं. २०११ मध्ये अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेतल्या गटाने प्लॅटिनमवर निकेल हायड्रॉक्साइडचे (ऑक्साइडचा जवळचा नातेवाईक म्हणा) ठिपके बसवले. ठिपक्याच्या कडेला पाणी फुटतं, शेजारचं प्लॅटिनम हायड्रोजन गोळा करतं. त्यांनी वेग त्या वेळच्या चांगल्या कॅटालिस्टच्या आठपट झाल्याचं नोंदवलं. निकेल स्वस्त आहे, म्हणून निकेल आणि त्याच्याच ऑक्साइडचा धुरा करून प्लॅटिनम टाळता येईल का, यावर आता जगभर काम चालू आहे.

आणि एक बारकावा. ग्रीन हायड्रोजनमधून अमोनिया मिळेल, पण युरियाला लागणारा कार्बन डायऑक्साइड मिळणार नाही. तो आज फुकटात शिफ्टमधून येतो. उद्या तो दुसरीकडून आणावा लागेल. बातम्यांत हे क्वचित सांगतात.

मग सगळे धुरेच का बनवत नाहीत?

कारण धुरा टिकत नाही. कण जितका लहान, तितकी त्याला शेजाऱ्यात मिसळायची घाई. उष्णता मिळाली की लहान कण एकत्र येऊन मोठे होतात, आणि आपण बघितलं, कण मोठा झाला की धुरा झपाट्याने कमी होतो. तांब्याचा हा त्रास इतका की त्याला २५०-३०० अंशांच्या वर नेणं परवडत नाही.

दुसरा त्रास उलटा आहे. १९७८ मध्ये एक्सॉन कंपनीच्या टॉस्टर यांनी दाखवलं की टायटॅनियम ऑक्साइडवर प्लॅटिनमसारखे धातू बसवून हायड्रोजनमध्ये ५०० अंशांपर्यंत तापवलं, की ते हायड्रोजनला धरेनासे होतात. पुढे कळलं की ऑक्साइडच हळूहळू धातूवर चढून बसतो. गावात माणसं धुरा कोरून वावर वाढवतात. इथे धुराच वावर गिळतो. थोडा चढला तर धुरा वाढतो, पूर्ण चढला तर धातू झाकला जातो आणि काम बंद.

म्हणून पुढच्या वेळी 'नवा कॅटालिस्ट, हायड्रोजन स्वस्त होणार' असा व्हिडिओ आला, की तीन गोष्टी शोधा. किती तापमानावर चालला? किती तास चालला, दोन की दोन हजार? आणि वेग कशावर मोजलाय, एकूण धातूच्या वजनावर की काम करणाऱ्या जागांवर? या तीन गोष्टी सांगितल्या नसतील तर व्हिडिओ फॉरवर्ड करायची घाई करू नका.

आणि बीएस्सी करणाऱ्यांना एक विनंती. 'अधिशोषण' आणि 'पृष्ठभाग रसायनशास्त्र' ही प्रकरणं ऑप्शनला टाकू नका. रुक्ष वाटतात खरी, पण आज आपण जे बोललो ते सगळं त्याच प्रकरणांत आहे.

पुढच्या भागात सोयाबीनच्या मुळांवरच्या त्या गाठींबद्दल बोलू. कारखान्याला शेकडो अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो ते काम हे जिवाणू जमिनीच्या तापमानात करतात, आणि करताना थोडा हायड्रोजनही सोडतात. कसं, ते ऐकायला या. तोवर काळजी घ्या, आणि युरियाचा हिशेब घरी एकदा करून दाखवा.